‘खोलीच्या तापमानाला’ म्हणजे कुणाच्या खोलीच्या? रेड वाइनबद्दल वाचकांचे प्रश्न

नाशिकची वाइन चांदवड-मालेगावमार्गे आपल्याकडे खानदेशात येते, पण येताना नाशिकची हवा सोबत आणत नाही. या वेळी आलेल्या पत्रांत तक्रारी निरनिराळ्या असल्या तरी बहुतेकांचं मूळ एकच निघालं: ऊन. म्हणून तो प्रश्न आधी.

बाटलीवर ‘खोलीच्या तापमानाला प्यावी’ अशी सूचना होती. एप्रिलमध्ये रात्री जेवणाआधी उघडली, तर नाकाला स्पिरिटसारखा झणका आणि घशात जळजळ. चांगली महागाची शिराझ होती. बनावट असेल का? (भुसावळ)

बनावट नसावी, गरम होती. ‘खोलीचं तापमान’ हा शब्द युरोपातल्या जुन्या दगडी घरांतून आला. तिथे जेवणाची खोली १६ ते १८ अंशांवर असे. भुसावळला एप्रिलमध्ये रात्री नऊ वाजतासुद्धा बैठकीच्या खोलीत ३४-३५ अंश सहज असतात आणि दिवसभर कपाटात तापलेली बाटलीही तितकीच गरम असते. रेड वाइनमध्ये साधारण १३ ते १४ टक्के अल्कोहोल असतं. वाइन गरम झाली की त्याची वाफ आधी उठते, ती नाकात भरते आणि फळाचा वास मागे पडतो. तोंडात आंबटपणा बोथट होतो, उरतो तो फक्त झणका. तुम्ही जे प्यायलात ती वाइन वाईट नव्हती, तुमच्यापर्यंत ती पोचलीच नाही.

भरदार, तुरट, ओकच्या लाकडी पिंपात मुरलेली शिराझ किंवा कॅबर्ने सोव्हिन्यो (दोन्ही काळ्या द्राक्षांच्या जाती, वाइनही त्याच नावाची) १६ ते १८ अंशांवर द्यावी. हलकी, ताजी, पिंपात न ठेवलेली रेड १३ ते १५ वर. घरच्या फ्रिजमधून थेट काढलेली बाटली चार-पाच अंशांवर असते. तेवढ्या गारठ्यात वास मिटतो आणि तुरटपणा टोचायला लागतो, तेव्हा तेही चूक.

गार करायची सगळ्यांत भरवशाची रीत बादलीची. अर्धी बादली बर्फ, त्यात तेवढंच पाणी, मूठभर खडेमीठ. बाटली मानेपर्यंत बुडाली पाहिजे. नुसता बर्फ टाकून भागत नाही, कारण खडे बाटलीला दोन-चार ठिकाणीच टेकतात आणि मधे हवा राहते. पाणी काचेला सगळीकडून भिडतं, म्हणून उष्णता झपाट्याने ओढतं. ३५ अंशांची बाटली अशी १५ ते २० मिनिटांत १७ वर येते. फ्रिजमध्ये ठेवाल तर त्यालाच दीड ते दोन तास. फ्रीझरमध्ये ठेवू नका. विसरलात तर वाइन उणे पाच-सहाच्या आसपास गोठते, फुगते, आणि बूच तरी उडतं नाहीतर काच तरी तडकते.

स्वयंपाकघरात वापरायचा टोचणीचा थर्मामीटर असेल तर उत्तम. नसेल तर माठ आहेच: बाटली हाताला माठातल्या पाण्यापेक्षा स्पष्ट गार लागावी, पण फ्रिजच्या पाण्यासारखी झोंबू नये. उन्हाळ्यात १५ वरच ओतायला घ्या, कारण ग्लासात पडल्यावर ती बघता बघता दोन-तीन अंश चढते. याच कारणाने एका वेळी ७५ मिलिलिटरपेक्षा जास्त ओतू नका, बाकीची बाटली ओल्या पंचात गुंडाळून पंख्याखाली ठेवा. आपली उन्हाळी हवा कोरडी असल्यामुळे पाणी भराभर उडतं आणि बाटली गार राहते. माठाचं जे शास्त्र तेच हे. पावसाळ्यात ही युक्ती चालत नाही.

ग्लासात बर्फाचा खडा टाकावा का, असंही तुम्ही विचारलं आहे. घर तुमचं, वाइन तुमची. पण खडा वितळून पाणी होतं आणि महागाची बाटली सरबत होते.

मुलाच्या बारशाला २०१४ची रेड वाइन भेट आली होती. शोकेसमध्ये जपून ठेवली आहे. जितकी जुनी तितकी चांगली, म्हणून त्याच्या लग्नात उघडायचा विचार आहे. तोवर आणखी काय काळजी घ्यावी? (अमळनेर)

या रविवारी उघडा. वाईट वाटेल, पण लग्नापर्यंत थांबलात तर त्याहून वाईट वाटेल.

जितकी जुनी तितकी चांगली हे जगातल्या फार थोड्या वाइनना लागू आहे. बहुतेक रेड वाइन बाजारात येते तेव्हाच पिण्याजोगी असते आणि दोन ते पाच वर्षांत संपवावी अशाच हिशेबाने केलेली असते. आपल्याकडच्या रिझर्व्ह प्रतीच्या वाइन नीट ठेवल्या तर त्याहून थोड्या पुढे जातात. वीस-तीस वर्षं टिकणाऱ्या वाइन म्हणजे फ्रान्समधल्या बोर्दोच्या नामांकित घराण्यांच्या, इटलीतली बारोलो, पोर्तुगालची व्हिंटेज पोर्ट अशा. त्यांच्यात टॅनिन (तुरटपणा देणारा घटक), आंबटपणा आणि फळाचा गर, तिन्ही भरपूर असतात. पोर्टमध्ये त्याशिवाय साखर आणि जादा अल्कोहोलही. बारोलोला तर विक्रीला येण्याआधीच किमान ३८ महिने मुरावं लागतं, त्यातले १८ लाकडी पिंपात. पाया एवढा मजबूत असेल तर वर मजले चढतात.

मुरणं म्हणजे आत काय होतं तेही सांगतो. द्राक्षाच्या सालीतलं रंगद्रव्य आणि टॅनिन यांचे कण एकमेकांना जोडले जात जातात, मोठे होतात आणि शेवटी गाळ होऊन खाली बसतात. म्हणून जुन्या वाइनचा रंग जांभळ्यावरून माणकासारखा, मग विटकरी होत जातो आणि तुरटपणा मऊ पडतो. ताज्या फळाचा वास जाऊन त्या जागी सुकलेली पानं, तंबाखू, चामडं, अळंबी असे वास येतात. हे सगळं १२ ते १४ अंशांत, अंधारात, सावकाश व्हायला हवं. तापमान दहा अंशांनी वाढलं की रासायनिक क्रिया साधारण दुप्पट-तिप्पट वेगाने होतात, पण सगळ्या सारख्या वेगाने नाहीत, नासवणाऱ्या क्रिया पुढे पळतात. त्यामुळे उन्हात ठेवलेली वाइन लवकर ‘जुनी’ होत नाही, ती शिजते. आंबा आढीत पिकणं आणि उन्हात उकडणं यांत जो फरक आहे तोच.

तुमची बाटली शोकेसमध्ये उभी, म्हणजे बूच वाइनपासून लांब आणि कोरडं. कोरडं बूच आकसतं, हवा आत जाते. वर दिव्याचा उजेड आणि दहाएक उन्हाळे. उघडण्याआधी चार गोष्टी बघा. वाइनची पातळी मानेतून खांद्यापर्यंत उतरली आहे का? बूच काचेच्या कडेच्या वर आलं आहे का? आवरणाखाली चिकट ओघळ आहे का? आणि मागून टॉर्च धरल्यावर मानेतला रंग लालसर दिसतो की चहासारखा तपकिरी? यातल्या दोनांचं उत्तर वाईट आलं तर फार अपेक्षा ठेवू नका. चारही ठीक असतील तर नशीब समजा आणि पिऊन टाका. शोकेसमध्ये रिकामी बाटली ठेवलीत तरी शोभा तेवढीच राहील.

जाता जाता, लेबलवरचं साल तोडणीचं असतं. नाशिककडे तोडणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये होते, युरोपात सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. त्यामुळे एकाच सालाची आपली बाटली त्यांच्यापेक्षा सहा-आठ महिन्यांनी थोरली असते.

सासरी रेड वाइन घेऊन गेलो. एक घोट घेऊन सासरे म्हणाले, ‘हाई काय आंबट पानी लई उनात जवाईबुवा?’ (हे काय आंबट पाणी घेऊन आलात?) त्यांना गोव्याची पोर्ट आवडते. माझी खराब निघाली का? (चोपडा)

खराब नाही, कोरडी, म्हणजे गोड नसलेली, निघाली. आपल्याकडे बऱ्याच घरांत रेड वाइन म्हणजे गोव्याहून आणलेली गोड पोर्ट अशीच ओळख आहे. पोर्ट जातीच्या वाइनमध्ये साखर मुद्दाम राखलेली असते. तुमच्या बाटलीत द्राक्षाची जवळजवळ सगळी साखर यीस्टने खाऊन अल्कोहोल केलेली. म्हणून गोडवा नाही, आणि आंबट-तुरट उघडं पडतं.

तुरटपणाचं काम नीट समजावं म्हणून सासऱ्यांसोबत एक प्रयोग करा. वाइन लागणार नाही. दोन कपांत बिनसाखरेचा, बिनदुधाचा चहा. एकातली पत्ती दोन मिनिटांनी काढा, दुसऱ्यातली दहा मिनिटांनी. दुसऱ्याचा घोट घेतला की जीभ आणि हिरड्या आवळतात, तोंड कोरडं पडतं. कच्च्या केळाची साल चुकून चावली गेली तर जे होतं तेच. केळीच्या पट्ट्यात राहून हे आम्ही सांगायला नको. ते टॅनिन. लाळेतली प्रथिनं त्याला चिकटतात आणि लाळेचा गुळगुळीतपणा जातो. आता त्याच कपात चमचाभर दूध टाका. तुरटपणा लगेच उतरतो, कारण टॅनिन दुधाच्या प्रथिनांना चिकटलं, तुमच्या लाळेला चिकटायला उरलंच नाही.

म्हणून तुरट रेड वाइन नुसती देऊच नये. सोबत पनीर, चीज, सुकं मटण, अगदी काही नाही तर जळगावचे खारे केळी वेफर्स. तेल आणि मीठ दोन्ही तुरटपणा कमी भासवतात. सासऱ्यांसाठी पुढच्या वेळी कॅबर्नेऐवजी मऊ, फळाळ, कमी तुरट रेड घ्या आणि १४ अंशांवर द्या. तरीही त्यांनी पोर्टच मागितली तर पोर्ट द्या. आवडीत चूक-बरोबर नसतं.

हॉटेलात वेटरने ग्लासात तळाला थोडीशी वाइन ओतली आणि माझ्याकडे बघत उभा राहिला. मी ‘छान’ म्हणालो. नक्की काय करायचं असतं? (साक्री)

वाइन आवडली का, हे तो विचारत नव्हता. ती नासलेली नाही ना, एवढंच विचारत होता. आवडली नाही म्हणून बाटली परत करता येत नाही, नासलेली असेल तर येते. त्यासाठी चव घ्यायचीही गरज नसते, बहुतेक दोष नाकालाच कळतात. हलवा, हुंगा, मान डोलवा. दहा सेकंदांचं काम.

घरी निवांत चव घ्यायची तर गोष्ट वेगळी. ग्लासात ५० मिलिलिटर पुरे. ग्लास दांडीचा, पोट मोठं आणि तोंड आत वळलेलं, म्हणजे वास आत कोंडून राहतो. स्टीलच्या पेल्यात वाइन बिघडत नाही, पण रंग दिसत नाही आणि वास उडून जातो. ग्लास आधी नुसता हुंगून बघा. कपाटात पालथा ठेवलेला ग्लास कपाटाचा वास धरतो. डांबरगोळ्या, साबण, जुन्या पुठ्ठ्याचा कागद, काहीही. कित्येकदा वाइनला लावलेला दोष ग्लासाचा असतो. गरम पाण्याने विसळून, वास नसलेल्या सुती फडक्याने पुसा.

पांढऱ्या कागदावर ग्लास ४५ अंशांत तिरका धरा. मधला रंग सोडा, कडेचा बघा. कड जांभळी तर वाइन तरुण, विटकरी तर वयाची. काचेवरून ओघळणाऱ्या धारा बघून बरेच जण ‘वा, काय दाट आहे’ म्हणतात. त्या धारा अल्कोहोल पाण्यापेक्षा लवकर उडतं म्हणून तयार होतात, प्रतीशी त्यांचा संबंध नाही.

मग दोनदा हुंगा. एकदा न हलवता, एकदा ग्लास टेबलावर टेकवूनच गोल फिरवून. पुस्तकांत ब्लॅककरंट, प्लम, रास्पबेरी लिहिलेलं असतं. जे फळ आयुष्यात हुंगलं नाही ते ग्लासात कसं सापडणार? त्यापेक्षा आपल्या आठवणीतले वास शोधा. पिकलेलं जांभूळ, करवंद, मेहरूणची सुकलेली बोरं, खजूर, काकवी, काळी मिरी, लवंग, तंबाखूची पुडी, पहिल्या पावसाची माती. शिराझमधला मिरीचा वास नुसता भास नाही, मिरीत जो रोटंडोन नावाचा घटक असतो तोच त्या द्राक्षाच्या सालीत असतो. लवंग आणि व्हॅनिला हे वास बहुधा ओकच्या पिंपातून आलेले.

घोट घेतल्यावर लगेच गिळू नका. ओठ किंचित उघडून थोडी हवा आत ओढा, गरम चहा सुर्र करून पितो तसं. तोंडातला वास मागून नाकात चढतो, आणि खरी ‘चव’ तीच. आंबटपणा जिभेच्या कडांना लाळ सुटण्यावरून ओळखा, तुरटपणा हिरड्यांवरून, अल्कोहोल घशातल्या उबेवरून. गिळल्यावर किंवा थुंकल्यावर चव किती वेळ रेंगाळते ते मनात मोजा. पाच सेकंदांत गेली तर साधी. पंधरा-वीसपर्यंत चांगल्या वासासकट राहिली तर पैसे कारणी लागले.

खानदेशी जेवणासोबत रेड वाइन जाते का? शेवभाजी, भरीत, काळ्या मसाल्याचं मटण? (जळगाव)

शेवभाजीसोबत नाही. उगाच कशाला फिरवून सांगायचं. तर्री, तिखट आणि रस्सा शोषलेली शेव यांच्यापुढे कुठलीही रेड वाइन हरते. तिथे ताक.

कारण समजून घ्या, म्हणजे बाकीचं आपोआप ठरवता येईल. मिरचीतलं कॅप्सेसिन ज्या मज्जातंतूंना चेतवतं त्यांनाच अल्कोहोलही चेतवतं. त्यामुळे जळजळ दोघांची मिळून होते. त्यात टॅनिनचा कोरडेपणा आला की मिरची दुप्पट वाटते आणि वाइन कडू. म्हणजे जेवण जितकं तिखट, तितकी वाइन कमी अल्कोहोलची, कमी तुरट, जास्त फळाळ आणि जास्त गार हवी. काळ्या मसाल्याचा रस्सा वाढणार असाल तर ओकमध्ये मुरलेली कॅबर्ने बाजूला ठेवा, पिंपात न ठेवलेली हलकी रेड १३ अंशांवर द्या. तुरट आणि भारी बाटली उघडायचीच असेल तर रश्श्याआधी, सुक्या मटणासोबत उघडा. मांसातली प्रथिनं आणि चरबी तिचं टॅनिन सांभाळून घेतात. मसाल्यातलं भाजलेलं खोबरं आणि दगडफूल यांच्याशी शिराझ चांगली बोलते.

भरीत हा खरा मजेचा विषय. बामणोद-भालोदकडचं हिरवं, मोठं, कमी बियांचं वांगं (जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं) पऱ्हाट्यांवर, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांवर, भाजलं की जो धूर आत मुरतो, तो शिराझमधल्या मिरीशी आणि पिंपाच्या भाजक्या लाकडाशी जुळतो. अडचण हिरव्या मिरचीची. पाच-सहा जणांच्या भरितात नेहमीच्या निम्म्या मिरच्या घाला, त्याही तेलात परतून, आणि शेंगदाणे व तेल सढळ. कांद्याची पात चालते, कच्चा कांदा मात्र वेगळा ठेवा, त्याचा उग्रपणा वाइनला दाबतो. कळण्याची भाकरी सोबत उत्तम, तिच्यातल्या उडदाचा किंचित कडवट गोडवा वाइनला त्रास देत नाही.

मांडे, पुरणपोळी असेल त्या दिवशी कोरडी वाइन नको. जेवण वाइनपेक्षा गोड झालं की वाइन आंबट लागते. वरच्या पत्रातल्या सासऱ्यांची पोर्ट तिथे बरोबर बसेल.

दहा-बारा बाटल्या वर्षभर ठेवायच्या आहेत. वाइनचा छोटा फ्रिज घ्यावा का? गावाकडचं धाब्याचं घरही आहे. (शिरपूर)

फ्रिज घेण्याआधी दुकानदाराला एक प्रश्न विचारा: आत कॉम्प्रेसर आहे का? स्वस्त आणि आवाज न करणारे छोटे फ्रिज बहुधा थर्मोइलेक्ट्रिक, म्हणजे कॉम्प्रेसर नसलेले असतात. ते खोलीपेक्षा फार तर पंधरा-वीस अंश खाली नेऊ शकतात. मे महिन्यात बंद घरात ४२ अंश झाले तर आत २५ च्या आसपास. ज्या महिन्यात गरज आहे नेमका त्याच महिन्यात तो हात टेकतो. कॉम्प्रेसरवाल्याच्या मागच्या पाटीवर हवामानाचा वर्ग लिहिलेला असतो. ‘एन’ वर्ग ३२ अंशांच्या खोलीपर्यंत, ‘एसटी’ ३८ पर्यंत आणि ‘टी’ ४३ पर्यंत. आपल्याकडे ‘टी’च हवा, आणि मागे चार बोटं नव्हे, वीतभर जागा. तापमान १३ वर लावा. वीज दोन-तीन तास गेली तर दार उघडू नका, भरलेल्या बाटल्या आपला गारवा धरून ठेवतात.

धाब्याच्या घराच्या जाड मातीच्या भिंती दिवस-रात्रीचा चढउतार बराच रोखतात, आणि वाइनला स्थिर तापमान महत्त्वाचं. पण अंदाजावर जाऊ नका. कमाल-किमान नोंदवणारा थर्मामीटर मधल्या खोलीत, जमिनीलगत, एप्रिलचा पूर्ण महिना ठेवा. कमाल २५ च्या आत राहिलं तर वर्षभरासाठी चालेल. २८ च्या वर गेलं तर तिथे फक्त दिवाळी ते होळी ठेवा. माळ्यावर, पत्र्याखाली, फ्रिजच्या डोक्यावर आणि गॅसजवळ कधीच नाही.

बुचाच्या बाटल्या आडव्या, म्हणजे बूच ओलं राहतं. फिरकीच्या झाकणाच्या कशाही ठेवा. आपल्याकडच्या बऱ्याच चांगल्या वाइन आता फिरकीच्या झाकणात येतात आणि त्यात कमीपणा काही नाही. दोन-चारच बाटल्या असतील तर घरच्या फ्रिजचा भाजीचा कप्पा तीन-चार महिन्यांसाठी पुरतो. त्याहून जास्त नको, आतली कोरडी हवा बूच सुकवते.

नाशिकहून उन्हाळ्यात बाटल्या आणणाऱ्यांनी एवढं करा: थर्मोकोलची पेटी, तळाशी बर्फाची दोन पाकिटं, आणि पेटी डिकीत नव्हे तर एसी चालू असलेल्या गाडीत सीटखाली. बंद डिकीत दुपारी बाटली पार तापते. जेवायला धाब्यावर दोन तास थांबलात तर वर्षभर जपल्याचं पाणी होतं.

बुचाला आणि तळाला काचेच्या चुऱ्यासारखे खडे सापडले. घाबरून ओतून दिली. (धुळे)

काच नव्हती, अरेरे. द्राक्षात टार्टारिक आम्ल असतं, चिंचेचा आंबटपणाही त्याचाच. गारव्यात त्याचं पोटॅशियमसोबत मीठ बनतं आणि खडे धरतात. बोटांत चुरडले तर मोडतात, पाण्यात हळूहळू विरघळतात, जिभेवर आंबट. काच यातलं काहीच करत नाही. पुढच्या वेळी बाटली आदल्या दिवशी उभी करा, सावकाश ओता, शेवटचे दोन बोटं वाइन तळाशी सोडा.

बाटलीला विचित्र वास आला तर ती नासली असं समजायचं का? (नंदुरबार)

कुठला वास त्यावर. पावसात भिजलेल्या पुठ्ठ्याचा, बुरशी आलेल्या गोणपाटाचा वास असेल आणि फळाचा वास गायब असेल तर बूच दोषी. त्यात टीसीए नावाचं संयुग असतं, लिटरमागे काही नॅनोग्रॅम पुरतात. हवा लागली की हा वास वाढतो, कमी होत नाही. औषध नाही, दुकानात परत करा. तब्येतीला मात्र त्याने काही होत नाही.

सडक्या अंड्याचा किंवा विझलेल्या आगकाडीचा वास असेल तर घाई करू नका. वाइनला तयार होताना हवा कमी पडली, एवढंच. पाण्याच्या जगमध्ये ओतून अर्धा तास ठेवा. तरी राहिला तर ग्लासात स्वच्छ घासलेला तांब्याचा चमचा दहा सेकंद फिरवा, तांबं गंधकाला धरतं. तांब्याच्या भांड्यात वाइन ठेवू मात्र नका, आम्ल तांबं विरघळवतं.

सिरका किंवा नखांचं पॉलिश काढायच्या द्रवासारखा वास आला तर गेली. सोललेलं सफरचंद काळं पडल्यावर येतो तसा, रंग तपकिरी, म्हणजे हवा शिरली. मोरावळ्यासारखा, शिजलेल्या मनुकांसारखा गोडसर जड वास आणि बूच वर सरकलेलं, म्हणजे कुठेतरी उन्हात तापली. आपल्या भागात सर्वांत जास्त हाच दोष सापडतो. मे-जूनमध्ये एसी नसलेल्या दुकानाच्या काचेतली, उन्हाकडे तोंड केलेली बाटली घेऊच नका, आतली मागा.

गोठ्याचा, ओल्या घोंगडीचा वास मात्र वादाचा. तो ब्रेटानोमायसिस नावाच्या यीस्टचा. थोडा असला तर काहींना आवडतो.

डिकँटर घ्यावा का? आणि उघडलेली बाटली किती दिवस चालते? (यावल)

डिकँटर, म्हणजे वाइन ओतून ठेवायचं काचेचं भांडं, घ्यायची गरज नाही, रुंद काचेचा जग चालतो. तरुण, तुरट वाइन त्या जगमध्ये तासभर ठेवली की हवेने वास मोकळा होतो. पण उन्हाळ्यात हा तास फ्रिजमध्ये काढायचा, ओट्यावर नाही. नुसतं बूच काढून बाटली उभी ठेवण्याने काही होत नाही, मानेतून हवा लागते ती रुपयाएवढी. दहा-पंधरा वर्षांची जुनी वाइन उलट नाजूक असते. ती एक दिवस उभी ठेवून, मानेमागे टॉर्च धरून एका धारेत ओता, गाळ खांद्याशी आला की थांबा आणि लगेच प्या. जुनं बूच मोडलं तर तुकडा आत ढकला आणि साबणाचा वास नसलेल्या मलमलीतून गाळा.

उरलेली रेडसुद्धा फ्रिजमध्येच. गारव्यात बिघडायचा वेग कमी होतो. झाकण घट्ट लावून तीन दिवस बरी राहते. त्याहून चांगलं म्हणजे ३७५ मिलिलिटरची रिकामी बाटली धुऊन ठेवा आणि मोठी उघडल्याबरोबर अर्धी वाइन तिच्यात काठोकाठ भरून बंद करा. आत हवाच नाही म्हटल्यावर आठवडाभर टिकते. ओट्यावर विसरलेली मात्र आपल्याकडे मे महिन्यात दुसऱ्या रात्रीपर्यंत सिरक्याच्या वाटेला लागते.

घरी दोन बाटल्या ठेवायला परवाना लागतो का? सुरतला भावाकडे एक न्यायची आहे. (नवापूर)

लागतो. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ प्रमाणे मद्य विकत घ्यायला, बाळगायला आणि प्यायला परवाना हवा, आणि वाइन त्यातून सुटलेली नाही. सुरतची बाटली विसरा. गुजरातेत दारूबंदी आहे आणि आपला परवाना तिथे चालत नाही. नवापूरचं रेल्वे स्टेशन निम्मं इकडे, निम्मं तिकडे आहे, तेव्हा फलाटाच्या दुसऱ्या टोकाला फिरायला जातानाही पिशवी इकडच्या बाकावरच राहू द्या. भावालाच नवापूरला बोलवा, आणि तो पोचायच्या वीस मिनिटं आधी बादलीत बर्फ टाका.